फोर्टची भूक आणि चालणारी पावले

मोटारीवाचून राहणे हा युरोप-अमेरिकेतील अनेक शहरांत आज विचारपूर्वक स्वीकारलेला मार्ग मानला जातो. मुंबईकराने मात्र त्याला असे काही नाव कधी दिले नाही. सकाळची लोकल, स्थानकाबाहेर पडल्यावर दहा-पंधरा मिनिटांची चाल, पाऊस असेल तर बेस्टची बस आणि फारच उशीर झाला तर तिघाचौघांत मिळून केलेली टॅक्सी, एवढ्यावर या शहरातील लाखो चाकरमान्यांची नोकरीची तीस-पस्तीस वर्षे पार पडली. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २००४ मध्ये बृहन्मुंबईतील सुमारे पाच हजार कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा कामावर जाणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोक मुख्यतः पायीच जातात, असे आढळून आले. गरिबांमध्ये हे प्रमाण ६३ टक्के होते. रेल्वेने जाणारा या आकड्यांत धरलेला नाही. वस्तुतः तोही प्रवासाच्या दोन्ही टोकांना चालतच असतो.

या चालण्याचा शहराच्या वाहतुकीशी असलेला संबंध सर्वांना ठाऊक आहे. शहराच्या जेवणाशी असलेला संबंध मात्र क्वचितच ध्यानात घेतला जातो. मुंबईचा जुना मध्यभाग असलेल्या फोर्टमधील आणि आसपासच्या उपाहारगृहांचे गेल्या पंचवीस वर्षांत जे रूपांतर झाले, ते समजून घ्यायचे तर आधी ग्राहक तिथवर पोहोचतो कसा, हे पाहावे लागते.

गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर रुंद रस्ते व सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. ज्या बोरीबंदरहून १८५३ मध्ये ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली, तिथेच १८८० च्या दशकात आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची वास्तू आली. तेथून चर्चगेट स्थानक अवघे वीस मिनिटांच्या चालीवर आहे, आणि फोर्टचा बहुतेक सारा पसारा या दोन स्थानकांच्या आसपास सामावलेला आहे. दादाभाई नौरोजी मार्गावरील इमारतींच्या तळमजल्याला सलग कमानींचा आच्छादित पदपथ आहे. भर जुलैत स्थानकातून निघालेला कारकून हुतात्मा चौकाच्या दिशेने फारसा न भिजता जाऊ शकतो, तो या कमानींच्या कृपेने. फेरीवाल्यांनी वाट मोकळी ठेवली असेल तर, एवढेच. याच भागातून १८७४ पासून घोड्यांची आणि १९०७ पासून विजेची ट्राम धावे. ३१ मार्च १९६४ रोजी ती बंद झाली. फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीचे काम चालू असताना २०१७ मध्ये रस्त्याखाली तिचे रूळ सापडले, तेव्हा अनेक तरुण मुंबईकरांना ट्राम इथून जात होती हे प्रथमच कळले.

इतक्या पावलांना भूक लागणारच. तिची सोय प्रथम मोठ्या प्रमाणावर केली ती इराण्यांनी. चौकातील कोपऱ्याची जागा अशुभ समजून हिंदू व्यापारी टाळत असत आणि म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, पायी येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कोपऱ्यासारखी जागा नाही. दोन रस्त्यांवरून येणारा माणूस दोन्ही दारांनी आत शिरतो, बाहेरूनच रिकामी खुर्ची दिसते, आणि चहा पिऊन तो तिसऱ्याच दिशेने निघून जातो. मोटारीतून जाणाऱ्याला मात्र कोपरा म्हणजे नुसते वळण. तिथे गाडी उभी करता येत नाही. धोबी तलावचे १९०४ मधील 'कयानी', बॅलार्ड इस्टेटमधील १९२३ चे 'ब्रिटानिया', नगीनदास मास्टर मार्गावरील १९३३ चे 'कॅफे मिलिटरी' ही सारी चालत्या गर्दीवर वाढलेली नावे आहेत. टर्मिनससमोरच्या 'आराम'चा वडा आणि 'पंचम'ची पुरी-भाजी यांचे गिऱ्हाईक तर गाडी फलाटाला लागली की थेट दारातच येते.

मंगळूरकडून आलेल्या मंडळींनी याच भागात मासळीच्या जेवणाची जी ठिकाणे काढली, त्यांपैकी काहींच्या नावातच 'लंच होम' हे शब्द होते. नावावरूनच धंदा कळावा, असे ते दिवस होते. दुपारी एक ते तीन या वेळात बँका, विमा कंपन्या, न्यायालये आणि आगबोट कंपन्यांच्या कचेऱ्यांतील माणसे यायची आणि संध्याकाळी सहानंतर गल्लीत शुकशुकाट व्हायचा. गिऱ्हाइकाची सुटी अर्ध्या तासाची. त्यातील दहा मिनिटे जाण्या-येण्यात गेली, तर जेवणाला वीस मिनिटे उरत. म्हणून पदार्थ मोजके, तयार आणि ठरलेले. टेबल अनोळखी माणसांत वाटून घेतलेले. पैसे गल्ल्यावर चुकते करायचे. एकेका खुर्चीवर दुपारभरात पाच-सहा माणसे जेवून उठत असतील, तर प्रत्येक ताटावर थोडकाच नफा ठेवला तरी भागते. फोर्टमधील स्वस्ताईचे गणित हे असे होते. त्यात मालकाच्या औदार्याचा वाटा किती आणि उठणाऱ्या-बसणाऱ्या गर्दीचा किती, हे पाहिले तर गर्दीचाच वाटा मोठा ठरेल.

या गणिताचा दुसरा आधार होता भाडे. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी जवळजवळ गोठवून टाकली. त्यामुळे शहरातील सर्वांत महाग जमिनीवर काही रुपयांत चहा विकणे शक्य झाले. याच कायद्यामुळे घरमालकांना डागडुजी परवडेनाशी झाली आणि इमारती खंगत गेल्या, हेही तितकेच खरे. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला आणि बँका, सार्वजनिक उपक्रम तसेच एक कोटी रुपयांहून अधिक भरणा झालेले भांडवल असणाऱ्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेण्यात आले. तळमजल्यावरच्या छोट्या उपाहारगृहाला जुने भाडे राहिले, परंतु वरच्या मजल्यांवरच्या मोठ्या कंपन्यांना इथे राहण्याचे एक कारण कमी झाले.

त्या तशाही हलू लागल्याच होत्या. वांद्रे-कुर्ला संकुलाची उभारणी चालू होती आणि गिरण्यांच्या जमिनींवर लोअर परळला काचेच्या इमारती येत होत्या. राष्ट्रीय शेअर बाजार वांद्रे-कुर्ल्याला गेला. ऑपेरा हाउसच्या हिरे व्यापाऱ्यांसाठी तिथेच २०१० मध्ये भारत डायमंड बोर्स सुरू झाला. नरिमन पॉइंट आणि फोर्टमधून दर वर्षी काही पाट्या उतरत गेल्या. एक कचेरी गेली म्हणजे दुपारची दोनशे-तीनशे माणसे गेली, आणि त्यांच्याबरोबर जवळच्या गल्लीतल्या खाणावळीचे दुपारचे बस्तान गेले. इराण्यांच्या ऱ्हासाचे खापर बहुधा त्यांच्या पुढच्या पिढीवर फोडले जाते. मुलांना गल्ल्यावर बसायचे नव्हते आणि भागीदारांचे पटत नव्हते, या गोष्टी खोट्या नाहीत. परंतु वरचा मजला रिकामा होत असताना तळमजल्याने भरलेले राहावे, ही अपेक्षाही जरा जास्तच होती.

काही ठिकाणे निराळ्या कारणांनी मिटली. काळा घोड्याचे 'वेसाइड इन' या शतकाच्या आरंभी बंद झाले. अरुण कोलटकरांची तिथली बैठक मराठी वाचकांना परिचित आहे. जहांगीर कलादालनातील 'समोवार' १९६४ पासून चालू होते. जागेचा वाद हरल्यावर ३१ मार्च २०१५ रोजी त्याने दार लावले. थोडे दूर, गिरगावात, खोताच्या वाडीतील 'अनंताश्रम'ही गेले. चित्रकार, वकील, विद्यार्थी आणि कारकून एका टेबलाशी बसतील अशा जागा फोर्ट परिसरात फार नव्हत्या. ज्या होत्या त्यांतील बऱ्याच गेल्या पंचवीस वर्षांत संपल्या.

ग्राहक पोहोचण्याचा मार्गच बंद झाला तर काय होते, हे २०२० साली स्पष्ट दिसले. करोनाच्या टाळेबंदीत २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. राज्यातील उपाहारगृहांना ५ ऑक्टोबरपासून निम्म्या क्षमतेने बसवून जेवण देण्याची परवानगी मिळाली, रस्त्यांवर खासगी मोटारींना मोकळीक होती; पण सर्वसामान्य प्रवाशाला लोकलमध्ये प्रवेश नव्हता. तो १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांपुरता मिळाला, एप्रिलमध्ये पुन्हा गेला आणि दोन लसमात्रा घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून परत आला. या दीड वर्षात उपनगरांतील उपाहारगृहांना निदान घरपोच मागणीचा आधार होता. फोर्टमध्ये वस्तीच विरळ. तिथे घरपोच द्यायचे तरी कोणाला? दार उघडे, चूल पेटलेली आणि स्थानकातून येणारी वाट ओस, अशी तेथील धंद्याची अवस्था होती. त्यानंतर आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली आणि दुपारची गर्दी पूर्वीइतकी पुन्हा जमली नाही. डबेवाल्यांनाही याची झळ बसली. १८९० पासून लोकल, सायकल आणि डोक्यावरचा हारा यांच्या बळावर चाललेली ती व्यवस्था कचेरीत नियमाने येणाऱ्या माणसावरच उभी आहे.

मग फोर्टमध्ये जी नवी उपाहारगृहे आली, ती कोणाच्या भरवशावर? कुलाब्यात १९९९ मध्ये 'इंडिगो' सुरू झाले, तेव्हापासून दक्षिण मुंबईत एक निराळी परंपरा रुजली: निवांत रात्रीचे जेवण, आचाऱ्याच्या नावाला मान आणि जेवणाइतकेच वातावरणाचे मोल. 'काळा घोडा कॅफे' २००९ मध्ये आले, कुलाब्याचे 'द टेबल' २०११ मध्ये, काळा घोड्याचे 'अमेरिकानो' २०१९ मध्ये, तर फोर्टच्या किताब महल इमारतीत २०२१ च्या अखेरीस 'एका'. यांतील स्वयंपाकाचा दर्जा नाकारण्याचे कारण नाही. स्थानिक भाज्या, धान्ये आणि प्रादेशिक चवी यांच्याकडे आजची आचारी मंडळी ज्या आदराने पाहतात, तसे पूर्वीच्या पंचतारांकित हॉटेलांनी क्वचितच पाहिले होते. फरक गणिताचा आहे. इथे एका खुर्चीवर रात्री एक किंवा फार तर दोन माणसे बसतात. भाडे आजच्या दराचे असते. साहजिकच प्रत्येक ताटाने अनेक पटींनी अधिक कमवावे लागते, आणि ते देऊ शकणारा ग्राहक बहुधा मलबार हिल, वरळी किंवा वांद्र्याहून चारचाकीने येतो. दारात गाड्या ताब्यात घेणारी मुले उभी राहतात आणि गाड्या लागतात त्या शेजारच्या गल्लीत, पुष्कळदा पादचाऱ्याच्या वाटेवर. ज्या गल्लीची ख्याती चालण्याजोगी म्हणून आहे, तिथेच चालायला जागा उरू नये, यातील विसंगती ध्यानात येण्यासाठी शनिवारी रात्री नऊ वाजता तिथे जावे.

महापालिकेलाही ती दिसली असावी. काळा घोडा कला महोत्सवात तेथील रस्ता वाहनांना बंद ठेवण्याची प्रथा जुनी आहे. २०२५ च्या आरंभी तेथील काही गल्ल्या शनिवार-रविवारी संध्याकाळी केवळ पादचाऱ्यांसाठी ठेवण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. त्याआधी २०२२ मध्ये पोलिसांच्या पुढाकाराने मरीन ड्राइव्ह आणि इतर काही रस्ते रविवारी सकाळी काही तास वाहनांविना मोकळे ठेवले गेले होते. असे उपक्रम स्वागतार्हच. मात्र पादचाऱ्याचा प्रश्न सुटीच्या संध्याकाळी टेबल-खुर्च्या रस्त्यावर मांडून सुटत नाही. टर्मिनसचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी कोसळला, तेव्हा त्यावर घरी निघालेली नोकरदार माणसेच होती. त्यात काहींचे प्राण गेले, आणि नवा पूल खुला व्हायला २०२३ चा मार्च उजाडला. चार वर्षे लोक खालचा रस्ता गर्दीतून ओलांडत राहिले.

आता दोन नव्या वाटा फोर्टच्या दिशेने उघडल्या आहेत आणि दोन्हींचे ग्राहक वेगळे आहेत. मरीन ड्राइव्हला वरळीशी जोडणारा किनारी मार्ग २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. बेस्टच्या मोजक्या बसगाड्या सोडल्या, तर तो मोटारींचाच मार्ग आहे. दुचाकींनाही तिथे मनाई आहे. वांद्र्याहून काळा घोड्याला जेवायला येणे त्यामुळे फार सोपे झाले. दुसरी वाट भुयारी. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुली झाली. चर्चगेट, हुतात्मा चौक, टर्मिनस, काळबादेवी, गिरगाव ही तिची स्थानके जणू जुन्या खाद्यनकाशावरूनच निवडल्यासारखी वाटतात. वांद्रे-कुर्ल्याच्या कचेरीतील माणूस संध्याकाळी मोटारीवाचून, घामाघूम न होता, हुतात्मा चौकात उतरू शकतो. तिकीट दहा ते सत्तर रुपयांपर्यंत आहे; लोकलच्या मासिक पासाची सवय असलेल्याला ते जड वाटेल. त्यातच बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचाचे दहा रुपये झाले आणि तिचा ताफाही पूर्वीइतका राहिलेला नाही, हे विसरून चालणार नाही.

मेट्रोने दुपारचा ग्राहक परत येईल, असे मात्र गृहीत धरता येत नाही. ती माणसांना जशी फोर्टकडे आणते, तशी फोर्टमधील कामे वांद्र्याकडे न्यायलाही मदत करते. उच्च न्यायालयाचे नवे संकुल वांद्रे पूर्वेला उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. वकील, त्यांचे कारकून आणि पक्षकार यांच्यावर फोर्टमधील किती चहावाले, उडुपी आणि खाऊगल्ल्या चालतात, हे कोर्टाच्या सुटीत तिथून फिरले म्हणजे समजते. मे महिन्यातली ती मरगळ बारमाही होण्याची धास्ती तेथील दुकानदारांना वाटली, तर नवल नाही. संध्याकाळचा नवा ग्राहक जरूर येईल. पण तो बारा-पंधरा मिनिटांत वडा-पाव आणि चहा उरकून उठणारा असेल की दोन तास बसणारा, यावर त्या गल्लीत कोणाचे दुकान टिकेल हे ठरणार आहे.

रात्रीच्या वेळापत्रकाचा मुद्दाही उरतोच. नव्या उपाहारगृहांत जेवणाची दुसरी पाळी नऊ-साडेनऊला सुरू होते, आणि मेट्रोची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास सुटते. जेवणाऱ्याला टॅक्सी परवडते. भांडी घासून, ओटा पुसून निघणाऱ्या कामगाराला ती परवडत नाही, आणि त्याचे घर बहुधा डोंबिवली, दिवा नाही तर विरारकडे असते. टर्मिनसहून कर्जत-कसाऱ्याकडे जाणारी शेवटची लोकल बाराच्या थोडी पुढे निघते, चर्चगेटहून बोरिवलीची एकच्या सुमारास. एखादी मंडळी बाराला मिष्टान्न मागवून बसली, तर आत कोणीतरी घड्याळाकडे पाहू लागतो. आणि गाडी चुकली तर तिथेच माळ्यावर पथारी टाकतो.