राजूर परिसरातील धूळ : धातुयुक्त कणांचे श्वसन आणि आरोग्य

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळसा खाण व चुनाभट्ट्या यांमुळे परिचित आहे. काळी आणि पांढरी अशा दोन्ही धुळींशी तेथील श्रमिकांचा संबंध येतो. व्यवहारात दोन्हींना ‘धूळ’ हे एकच नाव असले, तरी शरीरावरील त्यांचे परिणाम भिन्न आहेत. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कणांचा आकार :
१० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतांशी नाक व घशात अडकतात. त्याहून लहान कण श्वासनलिकेत उतरतात, तर २.५ मायक्रॉनपेक्षा सूक्ष्म कण वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात. कण विरघळला नाही, तर या पेशी नष्ट होतात, दाह वाढतो आणि कालांतराने फुप्फुसात तंतुमय ऊती निर्माण होतात. धुळीमुळे होणाऱ्या अशा विकारांना झेंकर या जर्मन वैद्याने १८६७ मध्ये ‘न्यूमोकोनिओसिस’ हे नाव दिले.

कणांचे रासायनिक स्वरूप :
आकाराइतकेच महत्त्व घटकद्रव्याला आहे. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना, म्हणजेच कॅल्शियम या धातूचा ऑक्साइड, उरतो. श्वसनमार्गातील ओलाव्याशी त्याचा संयोग होताच उष्णता व तीव्र अल्क निर्माण होते. नाकाच्या आतील त्वचेची आग, जखमा आणि खोकला हे त्याचे परिणाम तत्काळ जाणवतात.

कोळशाच्या धुळीचा मार्ग याहून वेगळा आहे. ती वेदना न देता वर्षानुवर्षे साचते. तिच्यात सिलिकाबरोबर लोह आणि अल्प प्रमाणात निकेल, क्रोमियम, आर्सेनिक हेही असतात. सिलिकाचे प्रमाण अधिक असल्यास फुप्फुसाची हानी वेगाने होते.

खाणी व कारखाने यांच्या दुरुस्ती विभागांत वेल्डिंगचा धूर ही आणखी एक बाब असते. त्यातील लोहकणांमुळे ‘सिडेरोसिस’ होतो. त्यात क्ष-किरण चित्रावर ठळक छाया दिसतात, पण श्वसनक्षमता फारशी घटत नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर काम केल्यास काही तासांनी थंडी-ताप येतो व एक-दोन दिवसांत उतरतो. तो हिवताप समजला जाण्याचा संभव असतो. मँगॅनीज मात्र श्वासावाटे रक्तात व पुढे मेंदूत पोहोचते. कंपवातासारखी लक्षणे १८३७ मध्ये कूपर यांनी ग्लासगोतील कामगारांत नोंदविली होती. नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगॅनीजच्या खाणी असल्याने विदर्भासाठी ही माहिती दूरची नाही. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगच्या धुराचा समावेश मानवी कर्करोगकारकांत केला.

मोजमाप आणि निदान :
२००९ च्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांनुसार १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची २४ तासांची मर्यादा प्रति घनमीटर १०० मायक्रोग्रॅम आहे. धातूंपैकी शिसे व निकेल, तसेच आर्सेनिक, यांचा त्यांत समावेश आहे. मँगॅनीज व क्रोमियम यांचा नाही. शिवाय ही मानके परिसराच्या हवेची आहेत, भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या श्रमिकाच्या श्वासाची नव्हेत. धुळीचे एकूण वजन मर्यादेत असले, म्हणजे धोका नाही, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

निदानातही गल्लत संभवते. सिलिकोसिस व क्षयरोग यांची लक्षणे मिळतीजुळती असतात आणि सिलिकोसिसच्या रुग्णास क्षयाचा धोकाही अधिक असतो. केवळ क्षयाची नोंद झाल्यास व्यवसायजन्य कारण दडून राहते. त्याबरोबर भरपाईचा आधारही निसटतो. कंत्राटी व हंगामी श्रमिकांजवळ पूर्वीच्या कामाचा लेखी पुरावा नसल्यास ही अडचण अधिक तीव्र होते.

निष्कर्ष :
तंतुमय झालेले फुप्फुस पूर्ववत होत नाही. म्हणून धूळ उगमस्थानीच रोखणे, म्हणजे पाणी फवारणे, यंत्रे बंदिस्त करणे व धूर शोषून घेणे, हाच खरा उपाय होय. तोंडाला बांधलेला रुमाल सूक्ष्म कण अडवू शकत नाही. रुग्णास त्याचा व्यवसाय विचारावा, असे रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सुचविले होते. राजूरसारख्या गावी त्यास एक जोड हवी : कोणत्या धुळीत आणि किती वर्षे काम केले, हेही विचारले व नोंदविले गेले पाहिजे.