साभार परत



वार्षिकांकाचे काम संपत आले म्हणजे संपादक मंडळाच्या टेबलावर दोन गठ्ठे उरतात. एक छापखान्याकडे जावयाचा आणि दुसरा ज्याचा त्याला परत करावयाचा. दुसरा गठ्ठा नेहमीच मोठा असतो. त्यातील प्रत्येक लेखाच्या कोपऱ्यात 'साभार परत' हे दोन शब्द लिहिण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मागील वर्षी असा परत आलेला लेख हाती घेऊन नववीतील एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, म्हणजे मला लिहिता येत नाही, असेच ना?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी सांत्वनपर बोललो, परंतु त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. ते उत्तर आज देऊ इच्छितो, आणि त्यासाठी एका इंग्रज लेखिकेची हकीकत सांगतो.

शार्लट ब्राँटी हिचा जन्म १८१६ साली यॉर्कशायर परगण्यातील एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. विसाव्या वर्षी तिने आपल्या कविता इंग्लंडचे तत्कालीन राजकवी रॉबर्ट साउदी यांच्याकडे अभिप्रायार्थ पाठविल्या. १८३७ साली उत्तर आले. तिच्या अंगी काव्यगुण आहे हे साउदींनी मान्य केले. परंतु वाङ्मय हा स्त्रीचा व्यवसाय होऊ शकत नाही, असा उपदेशही केला. पुढे १८४६ साली शार्लट, एमिली व ॲन या तिघी भगिनींनी टोपणनावे घेऊन, पदरचे पैसे घालून एक काव्यसंग्रह प्रसिद्ध केला. वर्षभरात त्याच्या अवघ्या दोन प्रती खपल्या!

त्याच सुमारास शार्लटने 'द प्रोफेसर' नावाची कादंबरी लिहून पूर्ण केली होती. तिचे हस्तलिखित एकामागून एक प्रकाशकांकडे जाई आणि परत येई. त्याच ऑगस्टमध्ये वडिलांच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढण्यासाठी ती त्यांना घेऊन मँचेस्टर शहरी गेली होती. गुंगीचे औषध त्या काळी अद्याप प्रचारात आले नव्हते. तिच्या चरित्रकार श्रीमती गॅस्केल लिहितात की, नेमक्या शस्त्रक्रियेच्या दिवशीच ते हस्तलिखित पुन्हा एकदा नाकारले जाऊन तिच्या हाती आले. वडील डोळ्यांस पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत पडून होते. गाव परके होते. अशा स्थितीत शार्लटने दोन गोष्टी केल्या. जुने हस्तलिखित पुढच्या प्रकाशकाकडे धाडून दिले, आणि कोरा कागद पुढे घेऊन नव्या कादंबरीस आरंभ केला. ती कादंबरी म्हणजे 'जेन एअर'.

'द प्रोफेसर' १८४७ साली लंडनच्या स्मिथ, एल्डर आणि कंपनीकडे गेली, तीही जुन्याच वेष्टनातून. त्यावरील आधीच्या प्रकाशकांचे पत्ते तिने नुसते खोडले होते! नेहमीप्रमाणे दोन कोरड्या ओळी येतील अशा अपेक्षेने तिने उत्तर उघडले, तो आत दोन पानांचे पत्र. नकार याही पत्रात होताच. परंतु त्यात कादंबरीचे गुण व दोष यांची सौजन्यपूर्वक चर्चा केलेली होती, आणि तीन खंडांची कादंबरी असल्यास तिचा अगत्याने विचार करू, असे लिहिले होते. त्या काळी इंग्लंडातील फिरती ग्रंथालये त्रिखंडात्मक कादंबऱ्या पसंत करीत. एका खंडाच्या पुस्तकास गिऱ्हाईक मिळणे कठीण असे. शार्लटने त्या नकारातील कारणे वाचली. ऑगस्टमध्ये तिने 'जेन एअर' पाठविली, ऑक्टोबरमध्ये ती प्रसिद्ध झाली आणि काही महिन्यांतच दुसरी आवृत्ती निघाली.

येथे गोष्ट संपली असती तर ती सुबक झाली असती. पण खरे शिकण्यासारखे पुढेच आहे. कीर्ती मिळाल्यावरही 'द प्रोफेसर' स्वीकारली गेली नाही. ती नऊ वेळा नाकारली गेल्याचे शार्लटने १८५१ साली एका पत्रात काहीशा विनोदानेच नमूद केले आहे. तेव्हा ब्रुसेल्स शहरातील ज्या अनुभवांवर ती आधारलेली होती, तेच अनुभव घेऊन तिने नव्याने 'व्हिलेट' लिहिली. ती १८५३ साली आली. 'द प्रोफेसर' छापली गेली १८५७ साली, लेखिकेच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. आजही जाणकार तिला 'जेन एअर'च्या बरोबरीस बसवीत नाहीत.

म्हणजे प्रकाशकांचे सर्वस्वी चुकले होते असे नव्हे, आणि शार्लटला लिहिता येत नव्हते असेही नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. नकार मिळतो तो त्या एका लेखास, त्या दिवशी, त्या ठिकाणी. लेखक कसा आहे याचा निवाडा त्यात नसतो. नकार आला की वाईट वाटणारच. एखादा दिवस वाटू द्यावे. मग लेख पुन्हा वाचावा. दोष दिसला तर सुधारावा, न दिसला तर दुसरीकडे पाठवावा आणि दरम्यान नवे काही लिहावयास घ्यावे. कारण सांगितले असेल तर ते जपून ठेवावे, कारण ते सर्वांस लाभत नाही.

यातील शेवटचे वाक्य लिहिताना माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. इतकी वर्षे मी कारण न देताच लेख परत करीत आलो. म्हणून यंदा परत केलेल्या प्रत्येक लेखाखाली संपादक मंडळाने कारणाच्या दोन-चार ओळी लिहिल्या आहेत.

तो विद्यार्थी आता दहावीत आहे. यंदा त्याने लेख दिला नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी वर दिले आहे. त्याचा मागील वर्षीचा लेख आरंभी लांबला होता. परंतु त्यातील आजीच्या विहिरीचे वर्णन मला अजून आठवते. आपला अंक माजी विद्यार्थ्यांचेही लेखन स्वीकारतो, एवढे त्याने ध्यानी ठेवावे.