नादार विद्यार्थ्याची कमाई

गरीब विद्यार्थ्याच्या शिक्षणाची सोय समाजाने कसकशी लावली, याचा इतिहास आपल्या भाषेतील तीन शब्दांत साठलेला आहे. पहिला शब्द मधुकरी. भ्रमराने फुलाफुलांतून थोडा थोडा मध घ्यावा, तसे विद्यार्थ्याने घराघरांतून थोडे थोडे अन्न घ्यावे, अशी त्यामागची रम्य कल्पना. दुसरा शब्द वार. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी पान ठरलेले. तिसरा शब्द नादारी. हा फारसीतून आलेला, ज्याच्यापाशी काही नाही तो नादार. शाळेच्या दप्तरात फी माफ झालेल्या मुलाच्या नावापुढे हा शब्द लिहिला जाई आणि वर्गात तो मोठ्याने वाचलाही जाई.

या तिन्ही सोयींनी पुष्कळ मुले शिकली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मधुकरी आणि वार यांचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. ज्याच्या स्पर्शाचाही विटाळ मानला जाई, त्याच्या मुलाला ओसरीवर पान कोण मांडणार? शिवाय देणारा आणि घेणारा हे नाते अखेरपर्यंत तसेच राही. घेणाऱ्याच्या हाती विद्या येई, पण ओशाळलेपणही त्याच्यासोबत येई.

या ठिकाणी कर्मवीर भाऊराव पाटील यांचे कार्य मुळातून वेगळे ठरते. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेल्या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास नेली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. स्वयंपाक, दळण, पाणी भरणे, झाडलोट, शेतातील कामे ही सारी मुलेच करीत. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रासह, या मुलांच्या अन्नासाठी दिले. ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो आणि तेथेच थांबतो. मला वाटते, थांबू नये. कारण दागिने एकदाच विकता येतात. संस्था वाढली ती त्यानंतरच्या हिशेबावर. स्वावलंबी शिक्षण हे या संस्थेचे ब्रीद झाले आणि त्यातून जी योजना उभी राहिली तिला आपण आज ‘कमवा आणि शिका’ म्हणून ओळखतो.

या योजनेचे मर्म काय होते? मुलाने काम केले, एवढेच नव्हे. गरिबाचे मूल काम तर नेहमीच करीत आले आहे. गुरे राखणे, ऊस तोडणे, दुकानात कपबशा विसळणे या कामांनीच त्याची शाळा सुटत होती. भाऊरावांनी केले ते असे की, श्रम आणि शाळा यांचे वैर मिटविले. काम संस्थेच्या आवारात, संस्थेच्या देखरेखीखाली, वेळ ठरलेली, आणि श्रमाचे फळ त्याच मुलाच्या अन्नवस्त्राकडे व शिक्षणाकडे वळलेले. मधला नफा खाणारा कोणी नव्हता. ओगले यांची काच आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने गावोगाव हिंडलेल्या या माणसाला वस्तूची किंमत कशी ठरते आणि मध्यस्थ किती घेतो, हे पुरते ठाऊक होते. त्यांच्या शिक्षणविचारात व्यापाऱ्याचा हा चोखपणा आहे आणि त्याची दखल आपण अभ्यासक मंडळींनी फारशी घेतलेली नाही.

आपणा वडोदेकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, १९४० साली याच तत्त्वावर साताऱ्यात जी विनाशुल्क निवासी माध्यमिक शाळा निघाली, तिला महाराजा सयाजीराव यांचे नाव देण्यात आले. महाराजांचे निधन आदल्याच वर्षी झाले होते. हे नाव तेथे शोभते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रयोग त्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात केला व १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. १८९० साली त्यांनी येथे कलाभवन काढले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख होते. कारागिरी आणि शास्त्र यांची सांगड घालावी, हा त्यामागील हेतू. दादासाहेब फाळके हे या कलाभवनाचे विद्यार्थी. तेथे ते छायाचित्रण व मुद्रणाशी निगडित तंत्रे शिकले नसते, तर पुढे काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेही कमवा आणि शिका या तत्त्वावर. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ ही संज्ञा रूढ केली. घराजवळचे, अल्प शुल्काचे, दोन वर्षांचे, कोणासही प्रवेश नाकारू नये अशा धोरणाचे हे महाविद्यालय. तेथील बहुसंख्य विद्यार्थी नोकरी करीत शिकतात. १९६४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांस महाविद्यालयातच काम देऊन वेतनाचा मोठा वाटा केंद्र सरकारने द्यावा, अशी व्यवस्था तेथे झाली. केंटकी राज्यातील बेरिया कॉलेज तर १८९२ पासून शिकवणीचे शुल्क घेत नाही. प्रत्येक विद्यार्थी आठवड्यास निदान दहा तास काम करतो. आपल्या देशात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली कम्युनिटी कॉलेज सुरू केले आणि २०१३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा अभ्यासक्रमांची योजना आखली. नावे निराळी असली तरी प्रश्न साताऱ्याचाच आहे.

आता या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. पूर्वी काम आवारात होते. आज ते मुलाच्या हातातील मोबाइलमध्ये आहे. भाषांतर, चलच्चित्रांखालील मजकूर लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्रे रचणे, घरी आई करते त्या पापड-लोणच्यांची विक्री, अशी कामे ऑनलाइन मिळतात. खेड्यातील वा झोपडपट्टीतील मुलीला घराबाहेर न पडता मिळकत होते, ही गोष्ट लहान नव्हे. पण भाऊरावांनी मिटविलेले वैर येथे पुन्हा जागे होते. काम देणारा सातासमुद्रापलीकडचा. त्याचा दिवस ती आपली रात्र. मध्ये बसलेली कंपनी आपले कमिशन कापून घेते. काम नापसंत झाले तर दाद कोणाकडे मागायची, हे ठाऊक नसते. रात्री दोनपर्यंत काम केलेले मूल सकाळच्या तासाला डुलक्या घेते, मग गैरहजर राहते आणि एके दिवशी त्याचे नाव हजेरीपटावरून जाते. त्याला आपण ‘कमावता झाला’ म्हणतो!

फसवणुकीचा धोका निराळाच. काम देण्यापूर्वी ‘नोंदणी शुल्क’ अथवा अनामत मागणारा काम देत नसतो, पैसे घेत असतो. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे थोड्या रकमेच्या लोभाने आपले बँक खाते दुसऱ्याला वापरू देणे. चोरीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदाराकडे. अशा आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर तत्काळ करता येते, हे प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहिलेले असावे. व्यवसायाची ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे, हेही तेथेच लिहावे. कारण तिच्यासाठी पैसे उकळणारे दलाल आहेत.

उद्योजकता हा शब्द अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ या गटात पन्नास हजार रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज मिळते. सोय चांगली आहे. पण तारण नसले म्हणून कर्ज हे कर्जच असते आणि ज्या घरात एक आजारपण सर्व शिल्लक खाऊन टाकते, त्या घरातील अठरा वर्षांच्या मुलाला कर्ज काढून ‘उद्योजक हो’ असे व्यासपीठावरून सांगणे मला जबाबदारीचे वाटत नाही. आधी कसब, मग गिऱ्हाईक, त्यानंतर भांडवल, हा क्रम असावा.

कसबाच्या बाबतीत आपल्या मुलांपाशी एक धन आहे आणि ते त्यांना धन वाटत नाही. वडोदऱ्याच्या मराठी वस्तीतील मूल घरी मराठी बोलते, बाजारात गुजराती, चित्रपटाविषयी बोलताना हिंदी. बेळगावचे मूल मराठी आणि कन्नडमध्ये सहज ये-जा करते. नुसते टंकलेखन आणि कच्चे भाषांतर आता यंत्र करू लागले आहे, त्या कामाचा मोबदला घटतो आहे. पण यंत्राने केलेले मराठी कोठे लंगडते, गुजराती व्यापाऱ्याच्या सूचनेचा नेमका आशय काय, हे ओळखायला दोन्ही भाषांत राहिलेला माणूस लागतो. त्यासाठी शुद्धलेखन आणि व्याकरण पक्के हवे. मराठीच्या शिक्षकाला आपला विषय पोटाच्या उपयोगाचा नाही असे वाटू लागले असेल, तर त्याने हे ध्यानात घ्यावे.

संस्थेने काय करावे, तर मध्यस्थाची जागा स्वतः घ्यावी. संध्याकाळी संगणकाची खोली दोन तास उघडी ठेवावी. कामे संस्थेच्या नावाने, आगाऊ रकमेसह घ्यावीत. गावातील छापखाने, दुकाने, दवाखाने, माजी विद्यार्थ्यांच्या पेढ्या यांच्यापासून आरंभ करावा. एका शिक्षकाने वही ठेवावी आणि ती कोणत्याही मुलाने मागितल्यास दाखवावी. आठवड्यास दहा-बारा तासांवर काम कोणालाही देऊ नये, मग गिऱ्हाईक कितीही घाईचे असो. मिळकतीचा एक लहान हिस्सा समाईक शिलकेत जमा करावा. परीक्षेपूर्वीचे तीन आठवडे खोलीला कुलूप असावे आणि त्या काळातील मुलांचा खर्च त्या शिलकेतून भागवावा.