लंडनची सहल आणि घरचा जमाखर्च

मुलांनो, लंडन पाहायला किती पैसे लागतात? माझ्या पाचवीच्या वर्गात हा प्रश्न टाकला तेव्हा उत्तरं पाच हजारांपासून एक कोटीपर्यंत आली. पाच हजारवाल्याने विमान धरलंच नव्हतं आणि एक कोटीवाल्याने राजवाडासुद्धा विकत घेतला होता! पण गंमत बाजूला ठेवू. एखाद्या मोठ्या सहलीचा खर्च आधी कागदावर मांडणं, म्हणजे तिचं अंदाजपत्रक करणं, हे घरातल्या मोठ्यांचंच काम आहे असं आपण समजतो. मला तसं वाटत नाही. बेरीज, गुणाकार आणि शेकडेवारी येणाऱ्या कुणालाही ते जमतं. चला, आज करूनच पाहू.

आपलं घर चौघांचं धरू. आई, बाबा, तेरा वर्षांची ताई आणि नऊ वर्षांचा धाकटा. मुक्काम पाच रात्रींचा. लंडनचं चलन पौंड. युरोपातल्या पुष्कळ देशांत युरो चालतो, पण ब्रिटनने आपला पौंड सोडलेला नाही. आज एका पौंडाचे शंभर पेन्स होतात, पण हा सोपा हिशेब १९७१ साली आला. त्याआधी बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड असे. आपल्याकडे १९५७ पर्यंत सोळा आण्यांचा रुपया होताच की! २०२५ च्या अखेरीस एक पौंड १२० रुपयांच्या आसपास होता, म्हणून आपण १२० चाच भाव धरू. पुढचे दरही त्याच वर्षीचे आहेत. विमान आणि खोली यांचे दर मात्र रोज बदलतात, म्हणून तिथे मी आकडा धरून चालले आहे. तुम्ही स्वतः चौकशी करून तो बदला.

पहिला खर्च घर सोडण्याआधीचा. पासपोर्टचं शुल्क मोठ्यांना १५०० रुपये आणि मुलांना १०००, म्हणजे चौघांचे ५००० रुपये. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, लहानांचा फार तर पाच वर्षं. तेव्हा जायचं नक्की नसताना मुलांचे पासपोर्ट घाईने काढून ठेवू नयेत. मग व्हिसा, म्हणजे त्या देशात येण्याची परवानगी. ब्रिटनच्या सहा महिन्यांच्या व्हिसाचं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये माणशी १२७ पौंड झालं. इथे एस्टीसारखं अर्धं तिकीट नाही बरं! धाकट्यालाही तेवढेच पैसे. चौघांचे ५०८ पौंड, म्हणजे ६०,९६० रुपये. आणि व्हिसा नाकारला गेला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून पालकांना एक सांगणं, व्हिसा हातात येईपर्यंत खोलीचं आरक्षण रद्द करता येईल असंच करा.

विमानाचं मुंबई ते लंडन जाऊन-येऊन तिकीट माणशी ६०,००० रुपये धरू. मे महिन्याच्या सुट्टीत ते याहून चढू शकतं. चौघांचे झाले २,४०,०००. आता पासपोर्ट, व्हिसा, विमान यांची बेरीज करा. ३,०५,९६० रुपये. अजून लंडनच्या जमिनीला पायही लागलेला नाही!

इथे एक फसवा विचार डोक्यात येतो. मोठी माणसंसुद्धा त्यात सापडतात. "एवढे पैसे घालून जायचंच, तर पाचाऐवजी आठ दिवस राहू. रोजचा खर्च कमी पडेल." हिशेब खोटा नाही. पुढे आपण जी बेरीज करणार आहोत ती पाच दिवसांची ४,६९,५२० येते, म्हणजे दिवसाला सुमारे ९४,०००. आणखी तीन दिवस राहिलो तर एकूण सुमारे ५,४८,००० होतात आणि दिवसाची सरासरी ६८,५०० वर येते. सरासरी उतरली खरी, पण खिशातून जास्तीचे ७९,००० रुपये गेले ते गेलेच! सरासरी कमी झाली म्हणजे पैसे वाचले असं नव्हे.

राहण्याचा खर्च पटकन उरकू. तिकडच्या हॉटेलातली खोली बहुधा दोघांची असते आणि आपल्यासारखी जास्तीची गादी टाकून चार माणसं निजवायला ते सहसा तयार होत नाहीत. चौघांची 'फॅमिली रूम' आधीच मागावी लागते. साधी खोली रात्रीला १४० पौंड धरली तर पाच रात्रींचे ७०० पौंड, म्हणजे ८४,००० रुपये.

आता खाणं. इथे हिशेबाची खरी मजा आहे, कारण इथे रोज तीनदा निर्णय घ्यावा लागतो. हॉटेलात बसून चौघं दोन्ही वेळा जेवलो तर पैसे पाण्यासारखे जातील. त्यापेक्षा न्याहारीला दुकानातून पाव, फळं आणि दूध आणावं, चौघांचे दहा पौंड. दुपारसाठी तिथल्या मोठ्या दुकानांत 'मील डील' मिळतं. एक सँडविच, एक खाऊचं पाकीट आणि एक पेय, असं तिन्ही मिळून चार पौंडांच्या आसपास. चौघांचे सोळा पौंड, आणि बागेत बसून खायला कुणी मना करत नाही. रात्री एकदाच गरम जेवण, चाळीस पौंड. दिवसाचे ६६, पाच दिवसांचे ३३० पौंड. म्हणजे ३९,६०० रुपये.

पाण्याची बाटली विकत घेतली की एक-दीड पौंड जातो, म्हणजे एकशे ऐंशी रुपयांपर्यंत. चौघांनी दिवसातून दोनदा घेतली तर किती, तुम्हीच मोजा. तिथल्या नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, म्हणून घरूनच रिकामी बाटली न्यावी आणि भरून घ्यावी.

आणि घरचा डबा? आजीचा चिवडा, चकली, शंकरपाळे जरूर न्या. पण पेढे, बर्फी, पनीर, खवा बॅगेत भरू नका. भारतासारख्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. आजीने प्रेमाने दिलेले पेढे विमानतळावर टाकून द्यावे लागले तर तिला काय सांगाल?

शहरात फिरायला दोन मुख्य साधनं. एक भुयारी रेल्वे. १८६३ साली सुरू झालेली ही जगातली पहिली भुयारी रेल्वे. लंडनचे लोक तिला 'ट्यूब' म्हणतात. दुसरं साधन लाल दुमजली बस. माझं मत विचाराल तर मुलांना बसच बरी. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की सारं शहर काचेतून दिसतं आणि त्याचं वेगळं तिकीट नाही. २०२५ साली बसचं भाडं १ पौंड ७५ पेन्स होतं, आणि एकदा ते भरलं की तासाभरात कितीही बस बदलता येत. दिवसभर कितीही फिरलात तरी ५ पौंड २५ पेन्सपेक्षा जास्त कापले जात नसत. ट्यूबने मधल्या भागात फिरलं तर ही मर्यादा ८ पौंड ९० पेन्सची. मात्र कंडक्टरला सुटे पैसे देता येतील असं समजू नका. जुलै २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालतच नाहीत. बँकेचं कार्ड किंवा 'ऑयस्टर' नावाचं कार्ड यंत्राला टेकवायचं. आपल्या बँकेचं कार्ड परदेशात वापरलं की बऱ्याच बँका वर दोन ते साडेतीन टक्के आकारतात, ते निघण्याआधी विचारून घ्यावं.

अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट, आणि मोठ्या माणसाबरोबर असतील तर ट्यूबही फुकट. म्हणजे आपल्या धाकट्याचा प्रवासखर्च शून्य! अकरा ते पंधरा वयाच्या पाहुण्या मुलांना ऑयस्टर कार्डावर अर्ध्या भाड्याची सवलत मिळते. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगून ती कार्डावर चढवून घ्यायची असते. ताईने हे विसरायचं नाही.

विमानतळापासून शहरात येतानाच पहिली परीक्षा होते. हीथ्रोहून एक जलद गाडी पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन स्टेशनला पोचवते. तिचं मोठ्यांचं नेहमीचं तिकीट २५ पौंड. ट्यूबला पाऊण-एक तास लागतो, पण तिकीट २०२५ साली ५ पौंड ८० पेन्स. आई-बाबांचे मिळून एका खेपेला ३८ पौंडांवर वाचले, म्हणजे साडेचार हजार रुपये. ताईचं कार्ड धरून फिरण्याचा सगळा खर्च १२५ पौंड धरू, म्हणजे १५,००० रुपये.

एवढं करून पाहायचं काय? लंडनमधल्या ज्या गोष्टींची चित्रं आपण सगळीकडे बघतो त्यांतल्या पुष्कळांना महाग तिकीट आहे, आणि ज्यांत मुलं तासन्‌तास रमतील त्यांतल्या कितीतरी फुकट आहेत. डिसेंबर २००१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांचं प्रवेशशुल्क सरकारने काढून टाकलं. नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या मोठ्या दालनात निळ्या देवमाशाचा पंचवीस मीटर लांबीचा सांगाडा छताला टांगलेला आहे. आपल्या शाळेतले तीन-चार वर्ग एकापुढे एक ठेवा, एवढा! ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तची लिपी उलगडायला उपयोगी पडलेला रोझेटा शिलालेख आहे आणि आपल्या आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पंही आहेत. आपल्याकडच्या वस्तू तिकडे का, हा प्रश्न ती शिल्पं पाहताना मुलं विचारतीलच. पालकांनी त्याची तयारी ठेवावी.

ग्रीनिचला रेखांशाची शून्य रेषा आहे. वेधशाळेच्या अंगणात जायला तिकीट लागतं, पण तीच रेषा बाहेरच्या भिंतीवरही आखलेली आहे आणि तिथे उभं राहायला कुणी पैसे मागत नाही. भूगोलाच्या पुस्तकातली रेषा दोन पायांच्या मध्ये! जवळच थेम्स नदीच्या पोटातून जाणारा पादचारी बोगदा आहे, १९०२ साली बांधलेला. सुमारे ३७० मीटर चाला, डोक्यावर नदी वाहते आहे आणि तिकीट नाही.

तिकिटाची जागा मी एकच ठेवली आहे, आणि ती कोणती हे मुलांनी ठरवावं. माझ्या वर्गात 'लंडन आय' हा मोठा पाळणा आणि 'टॉवर ऑफ लंडन' हा जुना किल्ला यांत मतदान झालं. किल्ला जिंकला, कारण तिथे कोहिनूर आहे. २०२५ साली तिथलं मोठ्यांचं तिकीट ३५ पौंडांच्या वर आणि मुलांचं त्याच्या निम्मं होतं. चौघांचे १०८ पौंड धरू, १२,९६० रुपये.

आणखी एक ठिकाण मराठी घराने चुकवू नये. ट्यूबच्या चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते विकत घेऊन तिथे स्मारक केलं. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, एवढ्या बळावर बाबासाहेब लंडनला आले होते. पै-पैचा हिशेब ठेवून राहत. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसत, आणि रात्री अभ्यास करताना भूक लागली की एका ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खात. त्यांच्या तिथल्या प्रबंधाचा विषय कोणता होता माहीत आहे? 'रुपयाचा प्रश्न'. आपण मघापासून ज्या रुपया-पौंडाच्या भावाशी खेळतो आहोत, त्याच्याच इतिहासाचा आणि व्यवहाराचा तो अभ्यास होता.

खरेदीचं थोडक्यात. परदेशी पाहुण्यांना दुकानातल्या खरेदीवरचा कर पूर्वी परत मिळे. लंडनमध्ये ती सोय जानेवारी २०२१ पासून बंद आहे. तेव्हा "कर परत मिळेल" या भरवशावर काही घेऊ नका.

विमा आणि आपल्या गावापासून मुंबईपर्यंतचं जाणं-येणं यांचे १२,००० मिळवले की बेरीज होते ४,६९,५२० रुपये. त्यावर अडीअडचणीला दहावा भाग वेगळा काढू, म्हणजे जवळजवळ ४७,०००. पाऊस, ताप, हरवलेली बॅग यांसाठी ही गंगाजळी. ती खेळण्यांसाठी फोडायची नाही. एकूण ५,१६,००० च्या पुढे.

आता आई-बाबांना विचारायची वेळ आली. यासाठी कर्ज काढावं असं मी कुणालाही सांगणार नाही. साठवायचे म्हटले तर? २०२५ साली पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीवर ६.७ टक्के व्याज होतं. दरमहा ७,२५० रुपये भरले तर साठ महिन्यांत ४,३५,००० भरले जातात आणि व्याजासह हातात ५,१७,००० च्या आसपास येतात. जमलं!

पण थांबा. पाच वर्षांत धाकटा चौदाचा होईल. त्याचं फुकट तिकीट गेलं, आता ताईची अर्ध्या भाड्याची सवलत त्याला लागेल. ताई अठराची होईल, म्हणजे पासपोर्टपासून किल्ल्याच्या तिकिटापर्यंत सगळीकडे ती मोठ्यांत मोजली जाईल. खोलीत चार मोठ्या अंगाची माणसं मावतील का तेही बघावं लागेल. विमानाचं भाडंही तेवढंच राहील असं नाही. आणि पौंड? आपल्या बेरजेतले १,७७१ पौंड तिकडे खर्च व्हायचे आहेत. पौंडाचा भाव १२० चा १४० झाला तर किती रुपये वाढतील आणि त्यासाठी दरमहा साधारण किती जास्त भरावे लागतील, ते वहीत मांडून पाहा. व्याज धरू नका, साधा भागाकार करा. पहिलं उत्तर ३५,४२० आलं तर तुमचा गुणाकार बरोबर आहे.