गवत वाफवणे (अश्वपालन)

गवत वाफवणे ही घोड्यांना घालावयाच्या वाळलेल्या गवतातील सूक्ष्म धूळ, बुरशीचे बीजाणू व जिवाणू कमी करण्याची प्रक्रिया होय. बंद पेटीत ठेवलेल्या गवतातून पाण्याची वाफ सोडून सर्व गवताचे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत नेले जाते व ते काही काळ तसेच राखले जाते. उष्णतेमुळे सूक्ष्मजीव मरतात आणि ओलाव्यामुळे धुळीचे कण गवताला चिकटून राहतात. श्वसनविकार असलेल्या किंवा तसा विकार होण्याची शक्यता असलेल्या घोड्यांसाठी ही पद्धत प्रामुख्याने ब्रिटन, युरोपातील इतर देश व उत्तर अमेरिका येथे वापरली जाते.

घोड्याचे श्वसन आणि गवत

घोडा केवळ नाकानेच श्वास घेऊ शकतो. माणसाप्रमाणे तोंडाने श्वास घेण्याची सोय त्याच्या शरीररचनेत नाही. सुमारे ५०० किलोग्रॅम वजनाचा घोडा विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ८ ते १६ वेळा श्वास घेतो व प्रत्येक श्वासात साधारण ५ लिटर हवा आत जाते. भरधाव दौडताना ही हवा मिनिटाला १,००० लिटरच्याही वर जाते. त्यामुळे श्वासमार्ग थोडासा जरी आकुंचित झाला, तरी घोड्याच्या कार्यक्षमतेवर त्याचा परिणाम दिसतो.

मोकळ्या कुरणात घोडा दिवसातील बराच वेळ मान खाली घालून ताजे, ओलसर गवत चरतो. मान खाली असल्यामुळे श्वासनलिकेतील स्राव सहज बाहेर वाहून येतो. तबेल्यात ही स्थिती पालटते. तेथे घोड्याला वाळलेले गवत, पुष्कळदा डोक्याच्या उंचीवर टांगलेल्या जाळीतून, दिले जाते. गवत ओढून काढताना घोडा आपले नाक त्यात खुपसतो. परिणामी त्याच्या नाकाजवळच्या हवेतील धुळीचे प्रमाण तबेल्यातील सर्वसाधारण हवेपेक्षा कितीतरी अधिक असते. हवा खेळती असलेल्या तबेल्यातही घोडा धूळ हुंगत राहतो, याचे कारण हेच.

गवतातील धूळ

गवताच्या धुळीत मातीचे कण, परागकण, वनस्पतींचे तुकडे, माइट या सूक्ष्म कोळीवर्गीय जीवांचे अवशेष, बुरशीचे बीजाणू आणि जिवाणूंच्या आवरणातून सुटणारी अंतर्विषे यांचा समावेश असतो. सुमारे ५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या अगदी खोल भागापर्यंत पोचतात. त्यांना श्वसनयोग्य कण म्हणतात. 'अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस' या बुरशीचे बीजाणू याच आकारमर्यादेत येतात.

कापलेले गवत पुरेसे वाळण्यापूर्वीच त्याच्या गासड्या बांधल्या, तर त्यांत बुरशी वाढते. गवतातील पाण्याचा अंश साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असल्यास ते चांगले टिकते. हा अंश २० टक्क्यांच्या वर राहिल्यास सूक्ष्मजीवांच्या क्रियेमुळे गासडी आतून तापू लागते आणि उष्णता मानवणारे जीव तेथे फोफावतात. 'सॅकरोपॉलिस्पोरा रेक्टिव्हिर्गुला' हा त्यांपैकी एक प्रमुख जिवाणू आहे. माणसांना होणाऱ्या 'शेतकऱ्याचे फुप्फुस' या विकाराशीही त्याचा संबंध आहे. ब्रिटन व उत्तर युरोपातील पावसाळी उन्हाळ्यात गवत नीट वाळवणे अवघड असल्यामुळे तेथे हा प्रश्न विशेष जाणवतो. वरून हिरवट व सुवासिक दिसणारे गवतही बीजाणूंपासून पूर्णपणे मुक्त नसते.

अश्वदमा

गवताच्या धुळीशी संबंधित श्वासमार्गाच्या दीर्घकालीन दाहाला सध्या 'अश्वदमा' ही व्यापक संज्ञा वापरली जाते. त्याचे सौम्य ते मध्यम आणि तीव्र असे प्रकार केले जातात. सौम्य प्रकार कोणत्याही वयात आढळतो. अधूनमधून खोकला, नाकातून थोडा स्राव आणि धावण्याची क्षमता घटणे एवढीच त्याची लक्षणे असल्यामुळे तो अनेकदा लक्षात येत नाही. तीव्र प्रकार साधारणपणे ७ वर्षांवरील घोड्यांत दिसतो. त्यात विश्रांतीच्या वेळीही धाप लागते, नाकपुड्या फेंदारलेल्या राहतात आणि श्वास बाहेर टाकण्यासाठी पोटाच्या स्नायूंना जोर लावावा लागतो. हे दीर्घकाळ चालल्यास बरगड्यांच्या मागील कडेने स्नायूंची उठावदार रेषा दिसू लागते.

हा विकार जुन्या काळापासून परिचित आहे. स्वतः दम्याने आजारी असलेले इंग्रज वैद्य सर जॉन फ्लॉयर यांनी १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दम्यावरील ग्रंथात धाप लागणाऱ्या एका घोडीच्या शवविच्छेदनाची माहिती दिली आहे. स्टेरॉइड व श्वासनलिका रुंदावणारी औषधे यांनी घोड्याला आराम पडतो. परंतु धुळीचा संपर्क चालू राहिल्यास लक्षणे पुन्हा उद्भवतात. म्हणूनच घोड्याच्या परिसरातील, त्यातही चाऱ्यातील, धूळ कमी करणे हा उपचाराचा पाया मानला जातो.

प्रक्रिया

गवत वाफवण्याच्या यंत्रात पाणी उकळणारे पात्र, वाफ वाहून नेणारी नळी आणि उष्णतारोधक पेटी हे तीन मुख्य भाग असतात. काही यंत्रांत पेटीच्या तळाशी छिद्रे असलेले पोकळ खिळे असतात. गासडी त्यांवर दाबून बसवली की वाफ तिच्या गाभ्यातून सर्व बाजूंना पसरते. पेटीच्या आकारानुसार प्रक्रियेस सुमारे एक तास लागतो. गवताच्या मध्यभागी तापमापी खुपसून अपेक्षित तापमान गाठल्याची खात्री केली जाते.

काही अश्वपालक झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आणि भिंतीवरील कागद सोडवण्याचे वाफयंत्र जोडून घरगुती साधन तयार करतात. अशा साधनात वाफ सर्वत्र सारखी पोचत नाही व गवताचा काही भाग केवळ कोमट होतो. कोमट आणि ओलसर गवत जिवाणूंच्या वाढीस पोषक असते. त्यामुळे धूळ दबली, तरी जिवाणूंची संख्या मूळ कोरड्या गवतापेक्षा वाढू शकते. गवतावर उकळते पाणी ओतण्याच्या पद्धतीलाही हीच मर्यादा आहे. अर्धवट वाफवलेले गवत म्हणूनच सुरक्षित समजले जात नाही.

भिजवण्याशी तुलना

वाफवण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी, आणि आजही अनेक ठिकाणी, गवत पाण्यात भिजवून दिले जाते. या पद्धतीला खर्च कमी येतो आणि १० ते ३० मिनिटांत धूळ बरीच दबते. मात्र भिजवल्याने सूक्ष्मजीव मरत नाहीत. अधिक वेळ भिजवल्यास जिवाणू वाढतात आणि गवत पुन्हा वाळले की बीजाणू हवेत उडू लागतात. पाण्यात विरघळणारी शर्करा तसेच पोटॅशियम, फॉस्फरस, सोडियम यांसारखी खनिजे पाण्याबरोबर निघून जातात. उरलेल्या पाण्यात सेंद्रिय द्रव्य पुष्कळ असल्याने ते ओढ्यात किंवा तळ्यात सोडणे हानिकारक असते.

इंग्लंडमधील सायरन्सेस्टर येथील रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीत मेरिएल मूर-कोलियर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही पद्धतींचा तौलनिक अभ्यास केला आहे. गाभ्यापर्यंत उच्च तापमान गाठणाऱ्या वाफप्रक्रियेने श्वसनयोग्य कणांत ९० टक्क्यांहून अधिक घट होऊ शकते आणि बुरशी व जिवाणूही मोठ्या प्रमाणात कमी होतात, असे त्यांच्या प्रयोगांत दिसून आले.

खुरदाहाची प्रवृत्ती असलेल्या किंवा लठ्ठ घोड्यांना कमी शर्करेचा चारा लागतो. वाफवण्याने शर्करेत होणारी घट अल्प व अनिश्चित असते. अशा घोड्यांसाठी गवत प्रथम भिजवून नंतर वाफवणे हा पर्याय सुचवला जातो.

पोषणमूल्यावरील परिणाम

वाफवल्यामुळे गवतातील खनिजांत व एकूण प्रथिनांत सहसा मोठा फरक पडत नाही. तथापि उष्णतेमुळे प्रथिने आणि शर्करा यांच्यात रासायनिक बंध तयार होतात व प्रथिनांचा काही भाग लहान आतड्यात पचण्याजोगा राहत नाही, असे जर्मनीतील संशोधनातून पुढे आले आहे. वाढीच्या वयातील शिंगरे आणि दूध देणाऱ्या घोड्या यांच्या आहारात ही बाब विचारात घ्यावी लागते.

मर्यादा

वाफवण्याने खराब गवत चांगले होत नाही. बुरशीने निर्माण केलेली अनेक विषे या तापमानाला टिकून राहतात. त्यामुळे कुबट वासाचे, काळे पडलेले किंवा उघड बुरशी आलेले गवत वाफवूनही घोड्याला देऊ नये. वाफवलेले गवत ओलसर असल्याने त्यावर सूक्ष्मजीवांची वाढ पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून ते त्याच दिवशी, आणि उष्ण हवामानात शक्य तितक्या लवकर, खाऊ घातले जाते. पेटीत साचणारे मळकट पाणी नियमितपणे काढून ती स्वच्छ ठेवावी लागते.

तीव्र अश्वदमा असलेल्या घोड्यांवरील प्रयोगांत वाफवलेल्या गवतामुळे लक्षणे सौम्य झाली, तरी श्वासमार्गातील दाह पूर्णपणे नाहीसा झाला नाही. अतिसंवेदनशील घोड्याला थोडेसे बीजाणूही त्रासदायक ठरू शकतात. अशा घोड्यांना शक्य तेवढा काळ कुरणात ठेवणे किंवा वाळलेले गवत पूर्णपणे बंद करून दाबीव गोळ्यांचा चारा देणे अधिक उपयुक्त ठरते. वाफवणे हे पशुवैद्यकीय उपचारांना पर्यायी नाही.

तबेल्यातील पूरक व्यवस्था

गवत वाफवून दिले तरी अंथरूण बुरशीयुक्त पेंढ्याचे असेल, तर घोड्याचा धुळीशी संपर्क टळत नाही. त्यामुळे पेंढ्याऐवजी धूळ काढलेला लाकडाचा भुसा वापरणे, ओले अंथरूण रोज बदलणे, गवताचा साठा घोड्यांच्या खोलीपासून दूर ठेवणे आणि घोडे बाहेर असतानाच झाडलोट करणे हे उपाय सोबत करावे लागतात. गवत उंच जाळीऐवजी जमिनीलगत दिल्यास घोडा नैसर्गिक स्थितीत मान खाली ठेवून खातो. एका घोड्यासाठी केलेले बदल शेजारच्या खोलीतही करणे आवश्यक असते, कारण दोन्हींतील हवा एकच असते. या उपायांचा लाभ घोड्यांइतकाच त्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दारांनाही होतो, कारण तबेल्यातील धुळीमुळे तेथे काम करणाऱ्या माणसांतही श्वसनाचे विकार आढळतात.