एका गुणपत्रकाचे वाचन : १९५० मधील १९–१८ चा बास्केटबॉल सामना आणि खेळाडूंची आकडेवारी

प्रस्तावना

खेळाडूच्या कामगिरीचे मूल्यमापन करताना गुणसंख्या हा सर्वांत सुलभ आणि म्हणूनच सर्वाधिक वापरला जाणारा निकष होय. परंतु ज्या परिस्थितीत व ज्या नियमांखाली तो आकडा निर्माण झाला, त्यांपासून अलग करून वाचल्यास तो दिशाभूल करू शकतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या प्रारंभकाळातील एक सामना या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखात त्या सामन्याच्या गुणपत्रकाचे विवेचन करून जुन्या क्रीडानोंदी कशा वाचाव्यात, याचा विचार केला आहे.

सामन्याची पार्श्वभूमी

'बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका' ही व्यावसायिक संघांची संघटना १९४६ मध्ये स्थापन झाली. १९४९ मध्ये 'नॅशनल बास्केटबॉल लीग'शी तिचे विलीनीकरण होऊन 'नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन' (एनबीए) अस्तित्वात आली. मिनियापोलिस लेकर्स हा संघ १९४९ व १९५० अशी सलग दोन वर्षे विजेता होता. त्याचा आधारस्तंभ होता सहा फूट दहा इंच उंचीचा जॉर्ज मायकन. बास्केटच्या निकट त्याच्या हाती चेंडू आला की त्याला रोखणे प्रतिस्पर्ध्यांना दुरापास्त होई.

२२ नोव्हेंबर १९५० रोजी मिनियापोलिस येथे फोर्ट वेन पिस्टन्स संघ लेकर्सविरुद्ध उतरला. चेंडू किती वेळ ताब्यात ठेवावा यावर त्या काळी नियमांचे बंधन नव्हते. पिस्टन्सचे प्रशिक्षक मरे मेंडेनहॉल यांनी याचाच लाभ घेतला. चेंडू आपल्याकडे असेपर्यंत मायकन गुण मिळवू शकत नाही, हा त्यांचा साधा हिशेब होता. त्यांचे खेळाडू बास्केटपासून दूर राहून चेंडू धरून ठेवीत आणि अगदी क्वचित फेक करीत. सात हजारांवर प्रेक्षकांनी आपली नाराजी उघडपणे व्यक्त केली. अखेरच्या काही सेकंदांत लॅरी फाउस्टने केलेल्या बास्केटमुळे पिस्टन्सने सामना १९–१८ असा जिंकला.

गुणपत्रक काय सांगते?

तक्ता क्र. १ : संघनिहाय कामगिरी

| घटक | फोर्ट वेन | मिनियापोलिस |
|---|---|---|
| पहिले सत्र | ८ | ७ |
| दुसरे सत्र | ३ | ६ |
| तिसरे सत्र | ५ | ४ |
| चौथे सत्र | ३ | १ |
| खेळातील यशस्वी फेकी (प्रत्येकी २ गुण) | ४ | ४ |
| यशस्वी फ्री थ्रो (प्रत्येकी १ गुण) | ११ | १० |
| एकूण गुण | १९ | १८ |

तक्त्यावरून असे दिसते की, एकूण ३७ गुणांपैकी २१ गुण, म्हणजे सुमारे ५७ टक्के, फ्री थ्रोतून आले. चालू खेळात दोन्ही संघांनी मिळून अठ्ठेचाळीस मिनिटांत केवळ आठ वेळा बास्केट साधली. चेंडू मिळवू पाहणाऱ्या संघापुढे अनेकदा फाउल करण्याचाच मार्ग उरत असे आणि प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो मिळे. फ्री थ्रोचे हे प्रमाण खेळाडूंच्या नेमबाजीपेक्षा नियमांच्या रचनेविषयी अधिक सांगते.

वैयक्तिक आकडे याहून बोलके आहेत. मायकनचे गुण १५ होते. १९५०-५१ च्या हंगामात त्याची सरासरी प्रतिसामना २८.४ गुण होती. केवळ गुणसंख्या पाहिल्यास हा त्याचा एक सामान्य दिवस ठरेल. परंतु संघाच्या चारही बास्केट त्याच्याच होत्या, आणि सात फ्री थ्रो धरून संघाच्या १८ पैकी १५, म्हणजे ८३ टक्के, गुण त्याने मिळवले. भाजक बदलला की निष्कर्षही उलटतो. याउलट, त्याचे सहकारी व्हर्न मिकेल्सन व स्लेटर मार्टिन यांच्या नावापुढे शून्य गुण आहेत. हे दोघेही पुढे बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये समाविष्ट झाले. त्यांच्या शून्यावरून त्यांच्या अंगच्या कौशल्याचे अनुमान काढता येत नाही. खेळण्याची संधीच त्या दिवशी विरळ होती.

गुणपत्रक काय सांगत नाही?

या सामन्याचे निर्णायक वैशिष्ट्य म्हणजे चेंडू धरून ठेवण्याचा कालावधी. त्यासाठी गुणपत्रकात रकानाच नव्हता. क्रिकेटच्या गुणफलकातून खेळलेल्या चेंडूंची संख्या वगळल्यास संथ आणि वेगवान खेळी सारख्याच दिसाव्यात, तसाच हा प्रकार होय. अन्य रकानेही क्रमाक्रमाने आले. रिबाउंडची नोंद १९५०-५१ च्या हंगामापासून, खेळलेल्या मिनिटांची १९५१-५२ पासून, तर स्टील व ब्लॉक यांची १९७३-७४ पासून एनबीएने ठेवली. त्यामुळे मायकनच्या नावापुढे ब्लॉकचा रकाना रिकामा आहे. त्याचा अर्थ त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या फेकी अडवल्या नाहीत असा नसून त्या मोजल्या गेल्या नाहीत, एवढाच आहे. संगणकावर सरासरी काढताना असा रिकामा रकाना शून्य धरल्यास जुन्या खेळाडूंवर अन्याय होतो.

नियमबदल आणि त्याचा परिणाम

पैसे मोजून येणाऱ्या प्रेक्षकांवर अवलंबून असलेल्या लीगच्या दृष्टीने असा खेळ धोक्याचा होता. सिराक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बायसोन यांनी रंगतदार सामन्यांचे गणित मांडले. अशा सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० फेकी करतात. सामन्याचे २,८८० सेकंद त्या संख्येने भागले असता २४ हा आकडा येतो. त्यानुसार १९५४-५५ च्या हंगामापासून २४ सेकंदांत फेक करण्याचे बंधन आले. आदल्या हंगामात संघाची प्रतिसामना सरासरी ७९.५ गुण होती, ती ९३.१ पर्यंत वाढली. म्हणजेच ज्या आकडेवारीने समस्येचे स्वरूप दाखवले, तिच्याच आधारे उपायही शोधला गेला. मात्र या नियमामुळे १९५४ पूर्वीचे व नंतरचे आकडे थेट तुलना करण्याजोगे उरले नाहीत. एका वर्षात वाढलेले सुमारे चौदा गुण हे प्रामुख्याने खेळाच्या वाढलेल्या गतीचे फळ होते.

निष्कर्ष

३७ गुणांचा हा सामना एनबीएच्या इतिहासातील सर्वांत कमी गुणांचा सामना म्हणून नोंदला गेला आहे. त्याच्या गुणपत्रकावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. खेळाडूचे गुण संघाच्या एकूण गुणांच्या आणि मिळालेल्या संधींच्या प्रमाणात वाचावेत. न मोजलेली बाब शून्य समजू नये. आणि दोन कालखंडांची तुलना करण्यापूर्वी त्या त्या काळचे नियम तपासावेत. शारीरिक शिक्षण, संख्याशास्त्र व इतिहास या तिन्ही विषयांच्या अध्यापनात या एका पानाचा उदाहरण म्हणून उपयोग करता येईल.