आटे गेले, इंजिन नाही!

बोल्ट आवळताना पाना जड होत जातो आणि मग एका क्षणी अचानक हलका पडतो. बोल्ट फिरतोय, पण बसत नाही. मिस्त्री तो क्षण तळहातानंच ओळखतो आणि दोन शब्द बोलतो: ‘आटे गेले.’ गाडीमालकाच्या पोटात गोळा येतो, कारण बोल्ट स्वस्तातला असला तरी आटे गेलेत ते हेडमधले, नाहीतर ऑइल चेंबरमधले. आनंदाची गोष्ट अशी, की गेलेले आटे परत बसवता येतात आणि बहुतेक वेळा ते आधीपेक्षा दणकट बसतात. या इवल्याशा चक्राकार खाचांमध्ये केवढी गंमत भरली आहे बघा.

पहिल्या आट्यावर सगळा भार

नटमध्ये दहा आटे असले तर दहाही जण सारखं ओझं उचलत असतील, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. बोल्टच्या डोक्याकडून पहिला गुंतलेला आटा एकटाच साधारण एक तृतीयांश भार घेतो. दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी. सहाव्या-सातव्या आट्यापर्यंत जवळजवळ सगळं ओझं वाटून झालेलं असतं. म्हणून आटे जातात तेव्हा पत्त्यांच्या बंगल्यासारखे जातात: पहिला तुटला की त्याचा भार दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर.

आटे फार कमी ठेवले तर काय होतं, हे अमेरिकेनं पाहिलं. फोर्डच्या ट्रायटन मालिकेतल्या, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही इंजिनांमध्ये स्पार्क प्लग धरायला हेडमध्ये जेमतेम चार आटे होते. चालत्या गाडीत धाडकन आवाज होऊन प्लग भोकातून बाहेर उडाल्याच्या तक्रारी इतक्या आल्या, की त्या दुरुस्तीसाठी खास किट बाजारात निघाले.

मऊ घर, कडक पाहुणा

बोल्ट पोलादाचा आणि भोक ॲल्युमिनियममधलं. दोघांची झटापट झाली की हरणार कोण, हे ठरलेलंच. त्यात ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. शिवाय दोन वेगळे धातू आणि थोडा ओलावा एकत्र आला की गंज धरतो. बोल्ट काढल्यावर आट्यांत दिसणारी पांढरी भुकटी ती हीच. म्हणून प्लग काढायचा तो इंजिन पूर्ण गार झाल्यावर. घाई केलीत तर प्लगसोबत हेडचे आटेही बाहेर येतील.

वीतभर पाना, पाच किलोची पिशवी

इंजिनावर सगळ्यात जास्त फिरतो तो १० नंबरचा पाना. हा १० आकडा बोल्टच्या डोक्याच्या रुंदीचा. आतला बोल्ट फक्त ६ मिलिमीटरचा असतो आणि त्याला साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो. वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाला पाच किलोची पिशवी टांगली तर जेवढा जोर पडेल, तेवढाच! ज्याच्या हाताला चाकाचे नट आवळायची सवय आहे, त्यानं तोच जोर इथं लावला की आटे गेलेच म्हणून समजा.

आणखी एक गोष्ट गॅरेजमध्येही फारशी माहीत नसते. आपण लावलेल्या जोरापैकी निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट खरोखर ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा बघून तेल लावलेला बोल्ट आवळला, तर घर्षण घटतं आणि बोल्टवर भलताच ताण येतो. टॉर्क पाना नसेल तर प्लगसाठी सोपा हिशेब आहे. वॉशरचा नवा प्लग हातानं पूर्ण बसवा आणि मग पान्यानं अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्या. तोच प्लग पुन्हा लावत असाल तर फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरे, म्हणजे घड्याळाचा तासकाटा एका तासात सरकतो तेवढाच.

अडीच सूत आणि आठ मिलिमीटर

इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली आट्यांचा कोन ५५ अंश ठरवून पहिल्यांदा देशभर एक माप आणायचा आग्रह धरला. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सनं ६० अंश सुचवले. आजचे मेट्रिक आटेही ६० अंशांचेच. जुनी मापं मात्र आपल्या हार्डवेअरच्या दुकानात अजून नांदताहेत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तर अडीच सूत बोल्ट भरतो ७.९४ मिलिमीटर आणि आठचा मेट्रिक बोल्ट पूर्ण ८. डोळ्यांना फरक कळत नाही. अडीच सुती बोल्ट आठच्या भोकात एक-दोन फेरे गोडीगुलाबीनं जातोही, आणि मग अडतो, कारण आट्यांमधलं अंतर वेगळं. तिथं पाना लावून रेटला की भोकाचं वाटोळं. डब्यातला ‘असाच एक बोल्ट’ इंजिनाला लावू नये तो यासाठी.

तारेची जादू

आता दुरुस्तीकडे, कारण खरी कमाल इथंच आहे. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची गुंडाळी. तार गोल नसते. आडवी कापून पाहिली तर शंकरपाळ्याच्या आकाराची दिसते. तिची बाहेरची धार हेडमध्ये रुतते आणि आतली धार नवा आटा होते. सहाच्या बोल्टसाठी भोक मोठं करायचं ते फक्त ६.३ मिलिमीटरपर्यंत. मग किटमधल्या खास टॅपनं आटे पाडायचे. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, म्हणजे किस तुटून मोकळा होतो. ॲल्युमिनियमला वर रॉकेलचे दोन थेंब. गुंडाळी भोकापेक्षा किंचित मोठी असते. फिरवत आत नेताना ती आकसते आणि सोडली की फुलून भिंतीला घट्ट धरते. ती पृष्ठभागाच्या पाव-अर्धा फेरा खाली बसवायची आणि तळाशी असलेली तिची दांडी ठोकून तोडायची. तुटलेला तुकडा बाहेर काढायला चुंबकावर विसंबू नका, कारण हे स्टेनलेस त्याला नीट चिकटत नाही. प्लगच्या भोकात काम असेल तर टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे किस सिलिंडरमध्ये पडण्याऐवजी ग्रीसमध्ये अडकतो.

नवे आटे दणकट का? गुंडाळीची पकड आधीपेक्षा मोठ्या घेरावर बसते, आणि पुढं बोल्ट कितीदाही काढा-घाला, झीज सोसायला स्टेनलेस असतं. हा तात्पुरता जुगाड नव्हे. दुसऱ्या महायुद्धात हलक्या धातूंच्या विमान-इंजिनांत अशा गुंडाळ्या बसल्या. फोक्सवॅगन बीटलच्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या क्रँककेसमधून स्टड उपटून यायचे, तेव्हा कंपनीनं पुढं कारखान्यातच तिथं पोलादी इन्सर्ट बसवायला सुरुवात केली.

टॅपच तुटला तर?

टॅप इतका कडक असतो की त्याला साधा ड्रिल लागत नाही. इथं मदतीला येते ठिणगी. सोव्हिएत संघातलं लाझारेंको दाम्पत्य, बोरिस आणि नताल्या, विजेच्या ठिणगीनं धातूचे संपर्कबिंदू झिजू नयेत म्हणून धडपडत होतं. १९४३ साली त्यांनी ती झीजच कामाला जुंपली आणि स्पार्क इरोजनचं तंत्र जन्मलं. आज पुण्याजवळच्या भोसरीच्या टूलरूममध्ये तुटलेला टॅप ठिणग्यांनी कण-कण पोखरून काढतात आणि भोकाच्या भिंतीला धक्का लागत नाही.

उलटं फिरवा, मग सुलटं

टेबलफॅनच्या पात्यावरची टोपी, सायकलचं डावं पेडल, वेल्डिंगच्या ॲसिटिलीन टाकीचा नट: हे सगळे उलट्या आट्यांचे. भोकात मोडून राहिलेला बोल्ट काढायलाही उलट्या फिरकीचा ड्रिल मिळतो. भोक पाडता पाडता कधी कधी तो बोल्टच फिरवून बाहेर आणतो.

आणि आटे जाऊच नयेत, यासाठी एक युक्ती. बोल्ट लावताना पाना बाजूला ठेवा आणि चिमटीनं आधी उलटा फिरवा. एका जागी बोटांना बारीकसा ‘टक’ जाणवेल आणि बोल्ट केसभर खाली बसेल. आट्याचं तोंड आट्याला मिळालं! आता सुलटा फिरवा, तीन-चार फेरे बोटांनीच. बोटांनी जात नसेल तर काढा आणि पुन्हा पहिल्यापासून.

तरीही कधी आटे गेलेच आणि कुणी ‘अख्खं हेड बदलावं लागेल’ म्हणालं, तर होकार देण्याआधी दोन प्रश्न नक्की विचारा: हेडला तडा गेलाय का? आणि गेला नसेल, तर इन्सर्ट का बसवत नाही?